सव्वाशे वर्षांची फाइल

दयाराम केणी यांनी फाइल सिस्टिम एकट्याने लिहिली आहे. हे मला माहीत आहे, खालच्या गाळ्यातल्या झेरॉक्सवाल्याला माहीत आहे, आणि नवीन पनवेलच्या आमच्या ऑफिसात जो कोणी येऊन बसेल त्याला चहा यायच्या आत कळतं. "लोक तयार घेतात," सर सांगतात, "मी स्वतः लिहिली." लोक तयार का घेतात, हा प्रश्न सरांना कधी पडला नाही. शहाणी माणसं चप्पलसुद्धा घरी शिवत नाहीत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे सगळा संसार. त्यात कुठली वस्तू कुठल्या फडताळात ठेवली हे जो भाग सांभाळतो, ती फाइल सिस्टिम. आमची कंपनी तळोज्याच्या रसायनांच्या कारखान्यांसाठी एक पेटी बनवते. हवेत गॅस किती आहे हे ती सतत टिपत राहते आणि प्रमाण वाढलं की भोंगा वाजवते. पेटीच्या आतली ऑपरेटिंग सिस्टिम माझ्याकडे आहे. म्हणजे सर लिहितात आणि मी, अनुया, निस्तरते.

तर यंदा पितृपक्षात तळोज्याच्या एका कारखान्यात दुपारच्या पाळीला एका झडपेतून गॅस सुटला आणि भोंगा वाजलाच नाही. शेजारच्या नव्या सोसायटीतले लोक डोळे चोळत खाली आले. कोणाला दम लागला, कोणाला उलट्या झाल्या. कोणी दगावलं नाही हे त्यांचं नशीब, त्यात आमचं कर्तृत्व शून्य. कारखान्यातल्यांनी पेटीतल्या नोंदी काढल्या तर नेमक्या त्या वेळची नोंदच नव्हती.

कारखान्याला गुन्हेगार सापडायला वेळ लागला नाही. पेटीसमोर त्या पाळीला अंकुश हिलम बसला होता. कर्नाळ्याच्या बाजूच्या कातकरी वाडीवरचा, आणि त्या वाडीतून कारखान्यात कायम नोकरीला लागलेला पहिलाच माणूस. मॅनेजर प्रणित लेले यांनी पाळी बदलताना, येणाऱ्या आणि जाणाऱ्या सगळ्या कामगारांसमोर, निकाल सांगून टाकला. अंकुशने मोबाइल चार्जिंगला लावायला पेटीचा प्लग काढला आणि मग झोपला. बहुतेक पिऊन. पुरावा काय, तर प्लग पेटीजवळ होता, मोबाइल अंकुशजवळ होता आणि अंकुश वाडीवरचा होता. शिकलेल्या माणसाला एवढा पुरावा पुष्कळ होतो.

अंकुशला घरी बसवलं आणि चौकशी लावली. चौकशीत दोषी ठरला की नोकरी गेली, आणि वाडीतल्या दुसऱ्या कोणाला यापुढे गेटच्या आत घेतील ही आशाही गेली. चौकशीला आमचं एक पत्र हवं होतं. सरांनी ते तयारच ठेवलं होतं. 'पेटीत कोणताही दोष आढळला नाही.' खाली सहीची जागा माझी.

"सर, पेटी अजून तपासलेली नाही."

"दोषच नाहीये, तर तपासायचं काय?"

असं बोलणं ऐकलं की मला वाटतं, या माणसाला कोणीतरी वेळेत नापास करायला हवं होतं. मी पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं आणि स्कूटर काढून तळोज्याला गेले.

गेटपाशी अंकुश उभा होता. जबाब द्यायला बोलावलं होतं आणि ताटकळत ठेवलं होतं. माझ्या पिशवीवरचं कंपनीचं नाव बघून तो पुढे आला.

"बाई, तुमी पेटीवाल्या काय?"

"हो."

"मी तिच्या म्होरंच बसलेलो. पडदा काला झाला. जरा येलानं आपसूक चालू झाला. मी सुपरवायझरला बोललो, तर तो बोलला, चालू झाली ना, मंग गप बस. आता तोच बोलतो, मला कोन काय बोललाच नाय."

"झोपला होतात?"

माझ्या तोंडून हे गेलं आणि मला माझाच राग आला. तो मात्र रागावला नाही.

"समदी हाच इचारतान," तो म्हणाला. "नाय झोपलो."

पेटी मी ऑफिसात आणली आणि उघडली. पेटी क्रॅश होते, म्हणजे आतली ऑपरेटिंग सिस्टिम कोलमडते, तेव्हा शेवटच्या क्षणी तिच्या डोक्यात जे काही असतं ते ती डिस्कच्या एका कोपऱ्यात ओतून ठेवते. त्याला आम्ही डंप म्हणतो. नुसता प्लग काढला तर डंप पडत नाही, ओतायला वेळच मिळत नाही. आणि इथे तर कोपऱ्यात डंपच डंप होते. पेटी एकदा नाही, पुन्हा पुन्हा पडली होती आणि दर वेळी आपली आपण उठली होती. एरवी कोणाच्या लक्षात आलं नाही. त्या दुपारी पडली तेव्हा झडपेतून गॅस सुटत होता.

मी उड्या मारत सरांच्या केबिनमध्ये गेले. सरांनी डंपवरच्या तारखा पाहिल्या आणि खुर्चीत मागे रेलून हसले.

"तारखा बघ की. या दिवशी पेटी कुठे होती?"

मी बघितलं. त्या तारखांना पेटी कारखान्यात पोचलेलीच नव्हती. ती माझ्याच टेबलावर होती. तिच्यावर मी रोज चहाचा कप ठेवत होते.

"तुझ्या टेस्टिंगमधले डंप आहेत हे," सर म्हणाले. "आणि तू निघालीस माझ्या फाइल सिस्टिमला नावं ठेवायला. नाचता येईना, अंगण वाकडं. सही कर."

माझ्या टेबलावर पेटी एकदाही पडली नव्हती. पण हे सांगणार कोणाला? मी पुन्हा तीच पेटी, तोच कोड, तेच सेन्सर लावले आणि तिला पडायला भाग पाडायच्या मागे लागले. वीज घालवली, डिस्क भरली, सेन्सरच्या वायरी उपटल्या. पेटी ढिम्म. सर दारातून जाता-येता विचारायचे, "पडली का गं?" जणू काही मी पोराला रडवायला चिमटे काढत होते आणि पोर गुणी निघालं होतं. चौकशीची तारीख जवळ येत चालली होती आणि मला दिसत होता तो गेटपाशी उभा असलेला माणूस, ज्याला मीसुद्धा तोच प्रश्न विचारला होता.

शेवटी मी तारखांचा नाद सोडला आणि डंप वाचायला घेतला. डंप वाचणं म्हणजे नुसते आकडे. एकेक आकडा कोडच्या कुठल्या ओळीचा ते हुडकत बसायचं. पेटी पडत होती ती सफाईच्या कोडमध्ये. डिस्क भरू नये म्हणून हा कोड अधूनमधून जुन्या फाइली काढून टाकतो. जुनी कुठली हे ठरवायची रीत सोपी आहे. आत्ताच्या वेळेतून फाइल सुरू झाली ती वेळ वजा करायची, की फाइलचं वय मिळतं. आणि डंपमध्ये दिसत होतं की सफाईने जी फाइल काढून टाकली होती, ती नेमकी त्याच क्षणी लिहिली जात होती. जेवणाऱ्याचं ताट घास घेता घेता ओढून न्यावं तसं. पुढचा घास हवेत, आणि पेटी आडवी.

चालू फाइल जुनी कशी ठरली? मी तिचं वय काढलं. सव्वाशे वर्षांच्या वर! पनवेलला विजेचा दिवा यायच्या आधीपासून आमची पेटी तळोज्याची हवा टिपत होती म्हणायची.

मी मोठ्याने हसले. मग हसू थांबलं, कारण हा आकडा कुठून येतो ते मला ठाऊक होतं. सरांनी वजाबाकीसाठी जो आकड्याचा प्रकार निवडला होता, त्यात उणे आकडा बसत नाही. लहान संख्येतून मोठी वजा झाली की उत्तर उणे न येता गरकन फिरून दुसऱ्या टोकाला जातं आणि अवाढव्य होतं. हे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. सर तेव्हा बहुधा एकट्याने काहीतरी लिहीत असावेत.

वजाबाकी उणे गेली म्हणजे पेटीच्या हिशेबाने फाइल 'आत्ता'च्या नंतर जन्मली होती. फाइल सुरू झाली होती माझ्या टेबलावर, खऱ्या तारखेला. म्हणजे नंतर कोणीतरी पेटीचं घड्याळ मागे नेलं होतं. डंपवरच्या तारखा खोट्या होत्या. पडली होती ती कारखान्यातच. आमच्या पेटीच्या पडद्यावर नुसती वेळ दिसते, तारीख दिसत नाही, त्यामुळे कोणाला पत्ताही लागला नाही. तारीख दाखवायची नाही ही कल्पना कोणाची, ते मी सांगत बसत नाही.

पेटी बसवायला झुबेर मुकादम गेला होता. पनवेलच्या मोहल्ल्यातला, आमचा फील्डवरचा इंजिनियर, आणि ऑफिसात मला ज्याच्याशी बोलावंसं वाटतं असा एकटाच. मी त्याला जिन्यात गाठलं.

"पेटीचं घड्याळ तू मागे केलंस?"

तो पायरीवर बसला. "कोणी सांगितलं तुला?"

"पेटीने."

"लेले साहेबांना पेटी लावायला पितृपक्ष चालत नव्हता," तो म्हणाला. "नवीन काम सुरू करायचं नाही म्हणे. आणि थांबूनही जमत नव्हतं, सरकारी तपासणी तोंडावर आलेली. मग सरांनी आयडिया काढली. बोलले, पेटीत अनंत चतुर्दशीची सकाळ लाव आणि मग चालू कर. पेटीच्या हिशेबाने मुहूर्त झाला. घट बसले की परत बरोबर कर."

पितरांना चुकवायचं म्हणून यांनी पेटीचं घड्याळ फिरवलं! वर्षाकाठी एकदा बिचारे पानावर येणार, तेही कावळ्याच्या भरवशावर, आणि आल्यावर म्हणे आधी कारखान्यातल्या पेटीत तारीख बघणार. श्रद्धा असेल तर थांबायचं होतं. नसेल तर सरळ चालू करायची होती. यांना श्रद्धाही हवी होती आणि तपासणीही, म्हणून देवालाच चकवायला निघाले आणि फसली ती आमची वजाबाकी. घट बसल्यावर झुबेरने घड्याळ बरोबर केलं, म्हणून त्यानंतर पेटी पडली नव्हती आणि माझ्या टेबलावरही पडत नव्हती.

"तू काही बोलला नाहीस?"

"विचारलं, सर, नक्की? तर बोलले, सांगतो तेवढं कर." झुबेरने माझ्याकडे बघितलं. "मी अजून काय बोलायचं? माझं नाव झुबेर. पितृपक्ष-बितृपक्ष काय नसतं, खामखा घड्याळ कशाला फिरवता, असं मी बोललो असतो तर? तू बोलू शकतेस. मी नाही."

तो म्हणाला ते खरं होतं, आणि असं खरं ऐकलं की मला फार राग येतो. तो राग घेऊन मी सरांकडे गेले. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चूक त्यांना पहिल्या वाक्यातच कळली, हे मला त्यांच्या लाल झालेल्या कानांच्या पाळ्यांवरून समजलं.

"दुरुस्त करून टाक," ते म्हणाले. "एका ओळीचं तर काम आहे. आणि पत्रावर सही कर."

"पत्रात लिहिलंय दोष नाही."

"दुरुस्त केल्यावर कुठे राहतो दोष?"

अशा बुद्धीपुढे हात टेकायचे. ओळ मी दुरुस्त केली. पत्राचे चार तुकडे केले आणि चौकशीच्या दिवशी न बोलावता जाऊन बसले.

कारखान्यातली ती खोली एसीची होती. लेले होते, मुख्य ऑफिसातून आलेले दोन अधिकारी होते, सर होते, झुबेर होता. अंकुश दाराजवळ उभा होता. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्याला बस म्हणायचं कोणाला सुचलं नव्हतं. "बसा हो," मी म्हटलं, तर तो खुर्चीच्या कडेवर टेकला आणि लेल्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच खुर्ची चोरली होती.

मी सगळं सांगितलं. प्लग काढला असता तर डंप पडला नसता. डंप आहे म्हणजे पेटी स्वतःहून पडली. ती का पडली आणि पडायची का थांबली. अधिकारी ऐकत होते, निदान माना हलवत होते. माझं संपलं आणि सर पुढे सरसावले.

"थोडक्यात, मानवी चूक आहे," सर म्हणाले. "आमच्या फील्डच्या माणसाने घड्याळ चुकीचं लावलं. झुबेर मुकादम. आम्ही त्याच्यावर कारवाई करतोय."

वड्याचं तेल वांग्यावर! एका वाक्यात आरोप वाडीवरून उठला आणि मोहल्ल्यात जाऊन बसला. त्याला रस्ता पाठ होता. झुबेर टेबलाकडे बघत होता, आणि माझं डोकं फिरलं.

"पेटीची बॅटरी उतरली तरी घड्याळ मागे जातं," मी म्हटलं. "तेवढ्यावरून जी पेटी आडवी होते, तिच्यात दोष घड्याळ लावणाऱ्याचा नसतो, लिहिणाऱ्याचा असतो. आणि ती कोणी लिहिली ते पेटी विकताना सरांनी तुम्हाला सांगितलंच असेल."

लेले सरांकडे वळले. "तुम्ही एकट्याने लिहिली म्हणाला होता ना?"

"म्हणजे, तशी टीम होती," सर म्हणाले.

कंपनीत आल्यापासून ही टीम मी पहिल्यांदाच ऐकली.

"आणि घड्याळ मागे लावायला सांगितलं कोणी?" एका अधिकाऱ्याने विचारलं. लेल्यांनी एसीचा रिमोट उचलला आणि त्याची बटणं न्याहाळू लागले. सर लेल्यांकडे बघत होते. मी म्हटलं, "मुहूर्त हवा होता लेले साहेबांना, आणि घड्याळ फिरवायला लावलं सरांनी. झुबेरने तेवढा हुकूम पाळला." मग लेल्यांचा चेहरा एकाएकी उजळला.

"म्हणजे मी म्हणत होतो तेच झालं शेवटी," ते म्हणाले. "पितृपक्षात लावली म्हणूनच."

आणि खरं सांगते, ते दोन्ही अधिकारी गंभीरपणे मान हलवू लागले. अवाढव्य आकडा, डंप, ओढलेलं ताट, सगळं त्यांच्या डोक्यावरून गेलं होतं. हे मात्र नीट समजलं. पितृपक्षाला कामावरून काढता येत नाही आणि त्याच्याकडे नुकसानभरपाईही मागता येत नाही, त्यामुळे तो सगळ्यांनाच सोयीचा पडला. झुबेरचं नाव मागे पडलं. अंकुशवरचा आरोप मागे घ्यायचं ठरलं.

"चल, उद्यापासून कामावर ये," लेले अंकुशला म्हणाले. "विषय संपला."

अंकुश उठला नाही.

"सायेब, तुमी सगल्यांच्या म्होरं बोलले ना, झोपला म्हनून. पिऊन झोपला म्हनून."

"अरे, पत्र देतोय ना तुला."

"पत्र वाडीत कोन वाचनार? तुमी तोंडानं बोलले, ता तोंडानंच वाडीत गेला. माझे बायकोला पान्यावर बाया बोलतान, तुझा घोव दारूडा हाय. मी पीत पन नाय." त्याने बाहेर गेटकडे बोट केलं. "आता पाली बदलंल. तुमी तोंडानंच सांगा."

लेले हसले, मग इकडेतिकडे पाहिलं. कोणी हसत नव्हतं. इतका वेळ माना हलवणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, "सांगून टाका हो, आम्हालाही निघायचंय." माणुसकी अशीसुद्धा येते, गाडीची वेळ झाली म्हणून.

आम्ही सगळे गेटपाशी आलो. पाळी बदलत होती. सुटलेले लोक डबे घेऊन निघाले होते, येणारे आत शिरत होते. सर गाडीत जाऊन बसले होते आणि काच वर केली होती; माझी नोकरी त्या गाडीत होती की बाहेर, ते मला समजत नव्हतं आणि त्या घडीला त्याची फिकीरही नव्हती. अंकुश गर्दीत मागे, आपल्या पाळीच्या लोकांमध्ये जाऊन उभा राहिला. लेल्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"ते मागच्या महिन्यात जे झालं," लेले शर्टाच्या बटणाशी बोलले, "त्याबाबत काही टेक्निकल इश्यू होता, आणि त्यामुळे जे काही गैरसमज झाले असतील, ते..."

"आयकू नाय आला, सायेब," मागून अंकुशचा आवाज आला.

लेल्यांनी घसा खाकरला आणि थोडं मोठ्याने म्हणाले, "संबंधित कामगाराची चूक नव्हती."

"कंचा कामगार?"

आता सगळे मान वळवून बघत होते, एकदा अंकुशकडे, एकदा लेल्यांकडे. लेले लाल झाले होते. त्यांनी मागे अधिकाऱ्यांकडे पाहिलं; अधिकारी घड्याळात बघत होते.

"अंकुश हिलम झोपला नव्हता," लेले ओरडले. "तो प्यायलाही नव्हता. मी खोटं बोललो."

शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून कसं गेलं ते त्यांनाही कळलं नसावं. अंकुशने मान हलवली, डबे घेतलेल्या लोकांमधून वाट काढली आणि वाडीकडची रिक्षा पकडायला रस्ता ओलांडून गेला.